यंत्राला नको असलेली नावे

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एखादी किंमत साठवण्यासाठी मेमरीतली जी जागा राखून ठेवलेली असते आणि जिच्यातली किंमत प्रोग्रॅम चालत असताना बदलू शकते, तिला प्रोग्रॅमर व्हेरिएबल म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यासाठी गणितातून आलेला ‘चल’ हा शब्द आहे. यंत्राच्या लेखी या जागेला फक्त एक क्रमांक असतो, मेमरीतला तिचा पत्ता, आणि तेवढ्यावर त्याचे भागते. माणसाला असे शेकडो क्रमांक लक्षात ठेवता येत नाहीत, म्हणून त्या जागेला नाव दिले जाते. आणि नाव द्यायचे म्हटले की ते किती लांब असावे, कोणत्या अक्षराने सुरू व्हावे, दोन शब्द जोडायचे झाल्यास मध्ये काय घालावे, हे प्रश्न ओघानेच येतात. या प्रश्नांची उत्तरे म्हणून निरनिराळ्या प्रोग्रॅमिंग भाषांत, कंपन्यांत आणि कित्येकदा एकाच कंपनीतल्या दोन गटांत जे लिखित आणि अलिखित नियम रूढ झाले आहेत, त्यांना नामसंकेत म्हणता येईल.

विजेच्या बिलाची आकारणी करणाऱ्या प्रोग्रॅममधली एकच ओळ दोन तऱ्हांनी लिहून पाहिली, तर या संकेतांचे काम कोणासाठी चालते ते कळते. तारांकन ही येथे गुणाकाराची खूण आहे.

क = ख * ग

देय_रक्कम = वापरलेली_युनिट * युनिटचा_दर

यंत्रापुढे या दोन ओळींत काडीचाही फरक नाही. माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा जो कंपायलर असतो, तो सर्वसाधारणपणे अशा नावांच्या जागी पत्ते घालतो आणि नावे टाकून देतो. ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा कोड वाचकाकडे पाठवण्यापूर्वी तर त्यातली लांबलचक नावे मुद्दाम एकेका अक्षरावर आणली जातात, कारण त्यामुळे फाइल लहान होते आणि प्रोग्रॅमच्या वागण्यात काही बदल होत नाही. मात्र दोन वर्षांनी विजेचे दर टप्प्याटप्प्याने लावायचे ठरले आणि तो बदल करण्याचे काम नव्या माणसाकडे आले, की पहिल्या ओळीतला ‘ग’ म्हणजे दर की स्थिर आकार, हे शोधण्यात त्याची दुपार जाते. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो आणि पुढे अनेकांकडून अनेकदा वाचला जातो, त्यामुळे नावांवरचा खर्च लिहिणाऱ्याचा आणि लाभ वाचणाऱ्याचा असतो. फ्लोरियान डायसेनबोक आणि मार्कुस पिझ्का या म्यूनिकच्या संशोधकांनी 2005 मध्ये मोठ्या प्रोग्रॅमची मोजदाद केली, तेव्हा त्यातला सुमारे 70 टक्के मजकूर नुसत्या नावांचाच असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे कोड वाचणे हे बव्हंशी नावे वाचणेच असते.

अज्ञात राशीला नाव देण्याची गरज संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले आहे आणि त्यापुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे दिली आहेत. समीकरण मांडताना ही नावे पूर्ण लिहिली जात नसत, तर त्यांची आद्याक्षरे घेतली जात: या, का, नी, पी, लो. राशीचा वर्ग दाखवायचा असला की पुढे ‘व’ लागे, ज्ञात संख्येआधी ‘रूप’ या शब्दाचे ‘रू’ येई आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब दिले जाई. त्यामुळे ‘याव 3 या 2 रू 5’ एवढ्या मांडणीतून अज्ञाताच्या वर्गाची तिप्पट, अज्ञाताची दुप्पट आणि पाच यांची बेरीज सांगता येई. यात आजच्या प्रोग्रॅमरच्या ओळखीच्या तीन गोष्टी आहेत. अज्ञातांच्या नावांचा क्रम ठरलेला आहे, लांब नावाचा संक्षेप करण्याची रीत ठरलेली आहे आणि राशीचे स्वरूप सांगणारी खूण नावाला जोडलेली आहे. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. युरोपात फ्रान्स्वा व्हिएत याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञातांसाठी व्यंजने वापरली; रने देकार्तने 1637 मध्ये रोमन वर्णमालेच्या शेवटची अक्षरे अज्ञातांना आणि आरंभीची ज्ञातांना दिली, आणि शाळेत आजही शिकवले जाणारे एक्स-वाय तेथून आले.

गणिताची ही सवय संगणकात थेट शिरली ती फोरट्रान या भाषेतून. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये तयार झालेली ही भाषा 1957 मध्ये वापरात आली. बेरजेच्या सूत्रांत पदांचा अनुक्रम दाखवण्यासाठी गणिती आय, जे, के ही अक्षरे आणि पदांच्या संख्येसाठी एन हे अक्षर वापरत असत, म्हणून फोरट्रानने असा नियमच केला की आयपासून एनपर्यंतच्या सहा अक्षरांपैकी एखाद्याने सुरू होणारे नाव पूर्णांकाचे आणि बाकीची सारी नावे दशांश-अपूर्णांकाची, म्हणजे त्या भाषेत ‘रिअल’, समजावीत. वेगळे काही सांगितले नसेल तर ‘गॉड’ हे नाव ‘रिअल’ ठरते, हा विनोद या नियमातूनच निघाला आणि प्रोग्रॅमरांच्या कित्येक पिढ्यांनी तो एकमेकांना सांगितला. सोयीच्या या नियमाची किंमतही मोजावी लागली. नाव आधी जाहीर करण्याची सक्ती नसल्यामुळे टंकताना एखादे अक्षर चुकले, तर कंपायलर तक्रार न करता त्या चुकीच्या नावाचे नवेच व्हेरिएबल निर्माण करी आणि उत्तर चुकल्यावरही दोष कुठे आहे ते दिसत नसे. ही सवलत बंद करणारी सूचना अखेर फोरट्रान 90 च्या प्रमाणकात अधिकृत झाली. पुनरावृत्ती करणाऱ्या लूपमधल्या मोजणीच्या व्हेरिएबलला ‘आय’ म्हणण्याची रीत मात्र, तो नियम नसलेल्या भाषांतही आणि तो नियम ज्यांनी कधी ऐकलाही नाही अशांच्या हातूनही, आजतागायत चालू आहे.

त्या काळातली नावे आखूड असण्यामागे कोणाची अभिरुची नव्हती. फोरट्रान ज्या आयबीएम 704 या यंत्रासाठी प्रथम लिहिली गेली, त्याच्या मेमरीतला एक शब्द 36 बिटांचा होता आणि एका अक्षराला 6 बिट लागत, म्हणून एका शब्दात बरोबर सहा अक्षरे मावत. नावाची मर्यादाही सहाच अक्षरांची राहिली आणि यंत्रे बदलूनही फोरट्रान 77 च्या प्रमाणकापर्यंत ती टिकली. डार्टमथ महाविद्यालयात 1964 मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या बेसिक या भाषेत तर संख्येच्या व्हेरिएबलचे नाव म्हणजे एक अक्षर किंवा एक अक्षर आणि त्यापुढे एक अंक, असा हिशेब होता. 26 आणि 260 मिळून अशी 286 नावे होतात, त्यापुढे नावेच संपली. सी या भाषेचे पहिले प्रमाणक 1989 चे, परंतु वेगवेगळ्या फाइलींतले तुकडे जोडणारे जुने प्रोग्रॅम विचारात घेऊन त्यानेही सर्व फाइलींना दिसणाऱ्या नावातली फक्त पहिली सहा अक्षरे वेगळी ओळखली जाण्याची हमी दिली. प्रिंटएफ, एसटीआरसीपीवाय, मॅलॉक यांसारखी सी भाषेतली नावे रोमन लिपीत बरोबर सहा अक्षरांची का आहेत, याचा उलगडा यातून होतो. युनिक्स या संगणकप्रणालीच्या कर्त्यांपैकी केन थॉम्पसन यांना पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल असे विचारले असता, फाइल निर्माण करण्याच्या ‘क्रिएट’ या आज्ञेच्या शेवटी गाळलेला ‘ई’ आपण लिहू, असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे.

लांब नावांची मुभा मिळाल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. नावाच्या मध्ये मोकळी जागा सोडली तर बहुतेक भाषांत तेथे नाव संपले असा अर्थ होतो. मग ‘एकूण किंमत’ हे दोन शब्द जोडायचे कसे? व्यवसायातल्या हिशेबांसाठी 1959-60 मध्ये घडवलेल्या कोबोल या भाषेने संयोगचिन्ह घेतले आणि 30 अक्षरांपर्यंतची नावे चालवली. तेथे वजाबाकीच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागत असल्याने गोंधळ होत नसे. जेथे अशी जागा सोडण्याचे बंधन नाही, तेथे ‘एकूण-किंमत’ म्हणजे ‘एकूण’मधून ‘किंमत’ वजा करणे असे यंत्र समजते. तळाला आडवी रेघ असलेले अंडरस्कोअर हे चिन्ह त्यावरचा दुसरा तोडगा होता, पण तेही पहिल्यापासून उपलब्ध नव्हते. संगणकांत अक्षरांची देवाणघेवाण कशी करावी हे ठरवणाऱ्या आस्की या अमेरिकी प्रमाणकाच्या 1963 च्या आवृत्तीत आज अंडरस्कोअर असलेल्या जागी डावीकडे तोंड केलेला बाण होता आणि लहान लिपीतली रोमन अक्षरेही नव्हती. दोन्ही 1967 च्या सुधारणेत आली. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉकसारख्या भाषांनी तो बाण ‘ही किंमत या नावात ठेवा’ अशा अर्थाने वापरात ठेवला, त्यामुळे अंडरस्कोअरची जागा अडलेलीच राहिली. तिथल्या मंडळींनी मग दोन शब्द सलग लिहून दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत घेण्याचा मार्ग धरला. मधले अक्षर उंटाच्या वशिंडासारखे वर येते म्हणून या पद्धतीला पुढे कॅमलकेस हे टोपणनाव पडले, आणि अंडरस्कोअरने जोडलेल्या, जमिनीलगत सरपटणाऱ्या नावांना स्नेककेस म्हटले जाऊ लागले. देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्यामुळे कॅमलकेसचा नमुना या पानावर छापून दाखवता येत नाही. या अडचणीचा संबंध पुढे येणारच आहे.

सी आणि युनिक्स यांच्या परंपरेत वाढलेल्यांनी अंडरस्कोअर घेतले, जावा या भाषेच्या परंपरेतल्यांनी कॅमलकेस घेतली, आणि कोणती पद्धत वाचायला सोपी यावर भांडणे सुरू झाली ती आजही मिटलेली नाहीत. 2009 मध्ये डेव्हिड बिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात कॅमलकेसमधली नावे अधिक अचूक ओळखली गेली, आणि तिची सवय असलेल्यांनी ती अधिक झटपटही ओळखली. पुढच्याच वर्षी बोनिता शरीफ आणि जोनाथन मॅलेटिक यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारे उपकरण वापरून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा अचूकतेत फरक आढळला नाही आणि वेग अंडरस्कोअरच्या बाजूने निघाला. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एवढेच हाती लागते की फरक असलाच तर तो लहान आहे आणि सवयीचा वाटा मोठा आहे. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही पद्धती मिसळण्याने होणारा त्रास या फरकाहून कितीतरी अधिक असतो, कारण मग प्रत्येक नाव कसे लिहिले होते ते वेगळे आठवावे लागते.

नामसंकेतांच्या इतिहासात सर्वांत बोधप्रद प्रकरण हंगेरियन पद्धतीचे आहे. चार्ल्स सिमोनी हे बुडापेस्टमध्ये जन्मलेले प्रोग्रॅमर आधी झेरॉक्स पार्कमध्ये आणि 1981 पासून मायक्रोसॉफ्टमध्ये होते. व्हेरिएबलच्या नावाच्या आरंभी, त्यात कोणत्या प्रकारची राशी आहे ते सांगणारी दोन-तीन अक्षरे जोडावीत, अशी त्यांची पद्धत होती. हंगेरीत आडनाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर लिहितात, महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर लिहितात तसे. येथेही कूळ आधी आणि व्यक्ती नंतर येत असल्यामुळे, शिवाय अशी नावे परक्या भाषेतली वाटत असल्यामुळे, पद्धतीला हंगेरियन म्हटले जाऊ लागले. एक्सेलसारख्या कोष्टकाच्या प्रोग्रॅममध्ये ओळीचा क्रमांक आणि स्तंभाचा क्रमांक हे दोन्ही पूर्णांकच असतात. कंपायलरला दोन्ही सारखेच, त्यामुळे ओळीच्या क्रमांकात चुकून स्तंभाचा क्रमांक मिळवला तरी तो हूं की चूं करत नाही. ओळीच्या नावांआधी ‘आरडब्ल्यू’ आणि स्तंभाच्या नावांआधी ‘कॉल’ ही अक्षरे लावण्याची शिस्त असली, की एकाच बेरजेत दोन वेगळी उपपदे शेजारी आलेली वाचणाऱ्याच्या डोळ्याला तत्काळ खटकतात. सिमोनींच्या कल्पनेचे मर्म येथे आहे: यंत्राला जो भेद दिसत नाही तो नावाने दाखवावा.

या कल्पनेचा प्रवास मायक्रोसॉफ्टच्या एका विभागातून दुसऱ्या विभागात होताना तिचा अर्थ पालटला. विंडोज ही संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांनी ‘प्रकार’ या शब्दाचा अर्थ मेमरीतल्या साठवणीचा प्रकार असा घेतला, आणि उपपदे पूर्णांक, सोळा बिटांचा शब्द, शून्याने संपणारी अक्षरमालिका अशा गोष्टी सांगू लागली. ही माहिती कंपायलरला आधीच ठाऊक असते आणि तो ती तपासतोही. नावात ती पुन्हा लिहिल्याने वाचणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. उलट साठवणीचा प्रकार बदलला की नाव खोटे ठरते. विंडोजमध्ये एका खिडकीकडून दुसरीकडे जाणाऱ्या निरोपाबरोबर ‘डब्ल्यूपॅरॅम’ नावाची एक राशी जाते. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘वर्ड’, सोळा बिटांचा शब्द, आणि सोळा बिटांच्या विंडोजमध्ये ती खरोखर तेवढीच होती. पुढे विंडोज 32 बिटांची झाली तेव्हा ही राशी 32 बिटांची झाली आणि नंतर 64 बिटांची, परंतु हे नाव वापरणारे असंख्य प्रोग्रॅम जगभर पसरलेले असल्याने नाव बदलणे शक्य नव्हते, आणि तो ‘डब्ल्यू’ आजही तेथे सोळा बिटांची ग्वाही देत उभा आहे. लिनक्स या संगणकप्रणालीचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कोडशैलीच्या टिपणात या पद्धतीची निर्भर्त्सना केली, मायक्रोसॉफ्टनेही पुढे डॉटनेट या आपल्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेच्या मार्गदर्शिकेत ती वापरू नये असे सांगितले, आणि मूळची कल्पना तिच्या विपर्यासाबरोबर बदनाम झाली. 2005 मध्ये प्रोग्रॅमर जोएल स्पोल्स्की यांनी एका लेखात हा घोटाळा उलगडून दाखवला आणि वेबसाइटवर वाचकाने भरलेला, अद्याप न तपासलेला मजकूर ‘यूएस’ या उपपदाने आणि तपासलेला ‘एस’ने ओळखावा, असे सुचवून मूळ कल्पनेची उपयुक्तता पुन्हा मांडली. त्यांचे म्हणणे ग्राह्य आहे. एखादा संकेत ठेवावा की टाकावा हे ठरवताना, तो सांगत असलेली गोष्ट दुसरे कोणी तपासत आहे काय, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ वाद निकालात निघतात.

मोजमापाची एकके ही अशीच यंत्राला न दिसणारी बाब आहे. मेमरीत 4.45 ही संख्या असते, ती न्यूटन-सेकंदांत आहे की पौंडबल-सेकंदांत हे तेथे कुठेही लिहिलेले नसते. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ गमावले गेले, त्याचे कारण एका प्रोग्रॅमने यानाच्या लहान इंजिनांचा आवेग पौंडबल-सेकंदांत लिहिला आणि दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंदांत समजून वाचला, हे होते; एक पौंडबल सुमारे 4.45 न्यूटनांएवढे असल्याने प्रत्येक आकडा तितक्या पटीने चुकत गेला. आकडे न्यूटन-सेकंदांत द्यावेत असे करारातल्या तपशिलात नमूद होते, त्यामुळे केवळ नावात एकक लिहिल्याने यान वाचलेच असते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मात्र तपशिलाचा कागद कपाटात असतो आणि नाव प्रत्येक ओळीत डोळ्यांपुढे असते. ‘उशीर’ऐवजी ‘उशीर_मिलिसेकंद’ आणि ‘वजन’ऐवजी ‘वजन_किलो’ लिहिण्याची सवय अनुभवी प्रोग्रॅमर लावून घेतात ती यासाठीच.

नाव जितके लांब तितके चांगले, असा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. प्रोग्रॅमर रॉब पाइक यांनी 1989 च्या आपल्या टिपणांत आखूड नावांची बाजू घेतली आहे, आणि त्यामागे तर्क आहे. तीन ओळींच्या लूपमध्ये ‘आय’ पुरते, कारण ते कुठे जन्मले आणि कुठे संपले हे एका नजरेत दिसते. तेथे ‘सध्याच्या_घटकाचा_अनुक्रमांक’ असे नाव घातले तर सूत्राचा आकारच झाकला जातो. जे नाव हजार ओळींपलीकडून वापरले जाणार आहे, त्याने मात्र आपली ओळख स्वतःच सांगितली पाहिजे. म्हणजे नावाची लांबी व्हेरिएबलच्या वापराच्या टापूशी जुळती असावी. होकार-नकार साठवणाऱ्या व्हेरिएबलच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते: त्याचे नाव ‘नोंद_नाही’ असे ठेवले, की ते खोटे असल्याची तपासणी म्हणजे नोंद नाही हे खरे नाही असा दुहेरी नकार होतो आणि वाचणारा अडखळतो, ‘नोंद_आहे’ या नावाने तोच व्यवहार सरळ होतो.

संकेत किती सक्तीचे असावेत याबद्दल भाषांची वृत्ती वेगवेगळी आहे. पायथॉन भाषेत गीडो व्हान रॉसम, बॅरी वॉर्सॉ आणि पुढे अलिसा कॉगलन यांच्या नावावर असलेली, 2001 मध्ये लिहिलेली ‘पेप 8’ ही शैलीपुस्तिका व्हेरिएबल आणि फंक्शन यांना स्नेककेस, क्लास म्हणजे वस्तूंच्या नमुन्याला कॅमलकेस आणि न बदलणाऱ्या किमतींना सगळी अक्षरे मोठ्या लिपीतली, असे वाटप करते. रोमन लिपीतला लहान एल, मोठा आय आणि मोठा ओ ही एकाक्षरी नावे ती वर्ज्य मानते, कारण काही टंकांत ती एक आणि शून्य या अंकांपासून ओळखू येत नाहीत. गंमत अशी की पायथॉनमध्ये न बदलणारे व्हेरिएबल नावाची वस्तूच नाही. मोठ्या लिपीतली किंमत कोणीही बदलू शकतो. बदलू नये हा केवळ संकेत. नावाच्या आरंभी एक अंडरस्कोअर असला की ते नाव घरातल्यांसाठी आहे, बाहेरच्याने हात लावू नये, हेही तसेच परस्परांच्या समजुतीवर चालते. 2009 मध्ये जाहीर झालेल्या गो या भाषेने हीच गोष्ट कायद्यात बसवली. तेथे नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असेल तरच ते नाव प्रोग्रॅमच्या इतर विभागांना, म्हणजे पॅकेजांना, दिसते. नसेल तर दिसत नाही, आणि कंपायलर त्यात तडजोड करत नाही.

ज्या लिप्यांत मोठे-लहान असा भेदच नाही, त्यांची गोची येथे होते. गोमध्ये युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक प्रमाणकातली कोणतीही अक्षरे नावात चालतात, पण देवनागरी, चिनी किंवा अरबी लिपीतले नाव रोमन अथवा तत्सम मोठे अक्षर पुढे लावल्याशिवाय पॅकेजाबाहेर पाठवता येत नाही. देवनागरीची अडचण आणखी खोल आहे. युनिकोडच्या वर्गवारीत क, ख, ग ही अक्षरे आहेत, परंतु काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही अक्षरे नसून आधीच्या अक्षराला जोडली जाणारी चिन्हे आहेत. गोने नावात फक्त अक्षरे आणि अंक स्वीकारले आणि जोडचिन्हे मुद्दाम वगळली. परिणामी मराठीत ‘दर’, ‘कर’, ‘नग’ आणि ‘वजन’ ही नावे गोमध्ये चालतात, तर ‘किंमत’ वेलांटी आणि अनुस्वारापायी, ‘रक्कम’ जोडाक्षरापायी आणि ‘नफा’ नुसत्या कान्यापायी नाकारली जातात. या नियमामुळे देवनागरीसारख्या लिप्या बाहेर राहतात, हे गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत नमूदही केले आहे. पायथॉनने 2008 मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून अधिक उदार नियम स्वीकारला, म्हणून तेथे ही सगळी नावे बिनतक्रार चालतात, आणि या लेखाच्या आरंभी दिलेली विजेच्या बिलाची ओळ पायथॉनमध्ये जशीच्या तशी चालवता येते.

तरीही मराठी प्रोग्रॅमर व्यवहारात मराठी नावे क्वचितच वापरतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सोबतचा सहकारी चेन्नईचा किंवा क्राकोवचा असू शकतो, कळफलक सतत रोमन आणि देवनागरी असा पालटत बसावे लागते, आणि भाषेचे इतर सारे शब्द इंग्रजीच असतात. मात्र फेरफार, गट क्रमांक, सातबारा, पोटहिस्सा यांसारख्या संकल्पना इंग्रजीत नेल्या तर अर्थच निसटतो, म्हणून तेथे मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले जातात, आणि मग ‘फेरफार’मधला फ एफने लिहायचा की पीएचने, ‘गाव’मधला आ एका ए-ने की दोन, याचे एकमत नसल्याने एकच संकल्पना एकाच प्रोग्रॅममध्ये तीन नावांनी वावरते. अशा कामांत गटाने मराठी संज्ञांची रोमन रूपे एका यादीत आधीच पक्की करणे हा खरा उपयोगाचा नामसंकेत ठरतो, कॅमलकेस की स्नेककेस हा वाद त्यापुढे दुय्यम आहे.

देवनागरीत लिहायचे ठरवल्यास लेखनाचा हा प्रश्न सुटत नाही, फक्त तो डोळ्यांना दिसेनासा होतो. ‘कर्मचाऱ्यांची_संख्या’ या नावातले ऱ्य हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी घडवता येते: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असे, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारे एक जोडक चिन्ह आणि य असे. कोणता कळफलक वापरला यावर कोणती तऱ्हा उमटेल हे ठरते, आणि छापील किंवा पडद्यावरच्या रूपात दोहोंत बहुधा काहीच फरक दिसत नाही. पायथॉन पहिले रूप स्वीकारतो आणि दुसऱ्यातल्या अदृश्य चिन्हावर चूक दाखवून थांबतो. जावास्क्रिप्ट दोन्ही रूपे स्वीकारते आणि त्यांना दोन निरनिराळी नावे समजते, त्यामुळे एकाने एका कळफलकावर जाहीर केलेले व्हेरिएबल दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर लिहिले की ते अस्तित्वातच नसल्याचे यंत्र सांगते, आणि संपादकातल्या शोधसुविधेलाही ते सापडतेच असे नाही. त्यामुळे मराठीतून प्रोग्रॅम लिहू पाहणाऱ्या गटाला अंडरस्कोअरच्या आधी सर्वांनी कोणता कळफलक वापरायचा हे ठरवून घ्यावे लागते.